झाकली मूठ, चार रकाने : शाळेचे ‘आरोग्य’ मोजणाऱ्या प्रश्नावल्यांची चिकित्सा

१

बरीच वर्षे झाली. एका स्नेह्यांच्या पीएच.डी.साठी माहिती गोळा करायला मी त्यांच्यासोबत तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत गेलो होतो. मधली सुट्टी संपायच्या बेतात शिक्षकखोलीत प्रश्नावल्या वाटल्या. मुख्याध्यापक सज्जन गृहस्थ. त्यांनी सगळ्यांना सांगितले, “अगदी मोकळेपणाने भरा. काही दडवू नका. भरून झाल्या की माझ्या टेबलावर आणून ठेवा, मी एकत्र करून सरांना देतो.”

तासाभरात गठ्ठा हाती आला. मुख्याध्यापकांविषयीच्या जवळपास प्रत्येक विधानापुढे ‘नेहमीच’ या रकान्यात खूण होती. एकच प्रश्नावली कोरी होती. ती परत करताना मराठी शिकवणारे एक ज्येष्ठ शिक्षक हलक्या आवाजात म्हणाले, “सर, रागावू नका. वर तुम्ही विषय विचारलाय, सेवेची वर्षे विचारलीत. आणि शाईच्या पेनाने लिहिणारा या शाळेत मी एकटाच. नाव लिहिले नाही म्हणून काय झाले?”

त्याच संध्याकाळी एसटी स्टँडवर शाळेतले दुसरे एक शिक्षक भेटले. चहा घेताना त्यांनी आपण होऊन सांगितले की, त्यांच्या वरिष्ठ वेतनश्रेणीचा प्रस्ताव दीड वर्ष मुख्याध्यापकांच्या खणात पडून आहे. दुपारी त्यांनीही ‘नेहमीच’वरच खुणा केल्या होत्या.

पुढे आकडेमोड झाली, तेव्हा ती शाळा ‘उत्तम मनोबल’ असलेल्या गटात बसली. कोरी प्रश्नावली नियमाप्रमाणे बाद झाली. शाळेचे आरोग्य शिक्षकांना विचारून मोजता येते का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. या लेखात मी त्या मोजपट्टीकडे एक संहिता म्हणून पाहणार आहे. ती कोणी लिहिली, कोणासाठी लिहिली, तिच्यात कशाला रोग म्हटले आहे आणि कशाला प्रकृती, हे तपासायचे आहे.

२

या प्रश्नावल्यांचे मूळ शाळेत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात नेतृत्वाविषयी मोठे संशोधन चालू होते. अँड्र्यू हाल्पिन त्यात होते, आणि त्यांच्या अभ्यासाच्या विषयांत बॉम्बर विमानांचे कप्तानही होते. आपला कप्तान कसा वागतो, हे त्याच्या हाताखालच्या माणसांना विचारायचे आणि त्या उत्तरांतून नेतृत्वाची रूपे शोधायची, अशी ती पद्धत. त्यातून दोन गोष्टी ठळक झाल्या. एक, कामाची आखणी करून देणे. दुसरी, माणसांविषयी आस्था बाळगणे. हीच जोडी पुढे मुख्याध्यापकाला लावली गेली. आजही जगभरच्या शिक्षकांपुढे येणाऱ्या प्रश्नावल्यांत ती ठाण मांडून आहे.

१९६०च्या दशकाच्या आरंभी हाल्पिन आणि डॉन क्रॉफ्ट यांनी ७१ प्राथमिक शाळांचा अभ्यास करून शाळेच्या ‘वातावरणा’ची प्रश्नावली सिद्ध केली. विधाने चौसष्ट, घटक आठ. चार घटक शिक्षकांच्या आपसातल्या वागण्याचे, चार मुख्याध्यापकाच्या वागण्याचे. उत्तरांवरून शाळांचे सहा प्रकार पाडले आणि ते एका उतरंडीत मांडले. वरच्या टोकाला ‘खुले’ वातावरण, मग स्वायत्त, नियंत्रित, कौटुंबिक, पितृवत आणि तळाला ‘बंदिस्त’. हाल्पिन यांची मूळ जाणीव अगदी साधी होती. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत गेले की दारातच काहीतरी वेगळे जाणवते. माणसाला जसे व्यक्तिमत्त्व, तसे संस्थेला वातावरण. ते आकड्यांत पकडायचे, एवढा त्यांचा ध्यास होता.

‘आरोग्य’ हा शब्द आणला मॅथ्यू माइल्स यांनी, १९६५ साली. त्यांचे म्हणणे असे की, एखादी शाळा आज कशी चालली आहे एवढ्यावरून तिचे आरोग्य ठरत नाही. अडचणी येत राहणारच. त्यांना तोंड देण्याची, तगून राहण्याची आणि वाढण्याची क्षमता दीर्घकाळ टिकते का, हे पाहायला हवे. त्यांनी दहा लक्षणे सांगितली. त्यांत उद्दिष्टांची स्पष्टता, संवादाची पुरेशी सोय, सत्तेची बऱ्यापैकी समान वाटणी, मनोबल, प्रश्न सोडवण्याची ताकद अशा गोष्टी होत्या. कल्पना समृद्ध होती, पण मोजायला अवघड.

ते काम १९८७मध्ये वेन हॉय आणि जॉन फेल्डमन यांनी केले. न्यू जर्सीतील ७८ माध्यमिक शाळांच्या आधारे त्यांनी ४४ विधानांची ‘आरोग्य-सूची’ तयार केली. समाजशास्त्रज्ञ टॅल्कॉट पार्सन्स यांच्या मांडणीवरून त्यांनी शाळेचे तीन मजले कल्पिले : शिकवण्याचा, व्यवस्थापनाचा आणि बाहेरच्या जगाशी संबंधांचा. या तीन मजल्यांवर सात घटक वाटले. बाहेरच्या दडपणापासून शाळेची अभंगता, मुख्याध्यापकाचे वरिष्ठांकडे असलेले वजन, त्याची शिक्षकांविषयीची आस्था, कामाची आखणी, साधनांचा पुरवठा, शिक्षकांचे मनोबल आणि अभ्यासावरचा भर. प्रत्येक विधानापुढे चार रकाने, ‘क्वचित’पासून ‘वारंवार’पर्यंत. सगळ्या शिक्षकांच्या उत्तरांची सरासरी काढायची आणि ती अशा पट्टीवर बसवायची, की नमुन्यातल्या मध्यम शाळेला ५०० गुण पडावेत. ६०० म्हणजे मध्यम शाळेपेक्षा बरीच निरोगी, ४०० म्हणजे बरीच आजारी.

येथे पहिली खूणगाठ बांधून ठेवायला हवी. हे ५०० म्हणजे १९८०च्या दशकातल्या न्यू जर्सीच्या शाळांचा मध्य. साताऱ्याच्या किंवा परभणीच्या शाळेला त्या पट्टीवर ४३० गुण पडले, तर त्यातून ती शाळा न्यू जर्सीपासून किती लांब आहे एवढेच कळते.

३

आता संहितेच्या आत शिरू. प्रश्नावली तटस्थ दिसते. प्रत्यक्षात प्रत्येक विधानाला आधीच दिशा दिलेली असते. कोणत्या ‘वारंवार’ला चार गुण द्यायचे आणि कोणत्याला एकच, हे लिहिणाऱ्याने ठरवलेले असते. समीक्षकाने पाहायचे ते हे ठरवणे.

पालकांचेच उदाहरण घ्या. हॉय यांच्या सूचीत पालकांचे आणि गावातल्या गटांचे शाळेच्या निर्णयांवर वजन असेल, तर गुण कमी होतात. समाज बाहेर आहे, शाळा आत आहे, आणि शाळेची भिंत जितकी पक्की तितके आरोग्य चांगले, असे ते चित्र. याउलट शिकागो विद्यापीठाशी संलग्न संशोधन-गटाने १९९०च्या दशकापासून त्या शहरातील शाळांत शिक्षकांची जी सर्वेक्षणे केली, त्यांत शाळेचे पाच आधार मानले आहेत : नेतृत्व, शिक्षकांचे सहकार्य, कुटुंबांचा सहभाग, मुलांना आधार देणारे वातावरण आणि कसदार अध्यापन. म्हणजे एका मोजपट्टीत पालकांचे आत येणे हा संसर्ग, तर दुसरीत ते टॉनिक. दोन्ही प्रश्नावल्या सांख्यिकीच्या कसोटीला उतरलेल्या आहेत. मतभेद आकड्यांचा नाही. शाळा कोणाची, याविषयीचा आहे.

आपल्याकडे तर कायद्यानेच बाजू घेतली आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आणि निम्म्या जागा स्त्रियांना. हॉय यांची सूची जशीच्या तशी भाषांतरित करून वाटली, तर कायदा चांगला पाळणारी शाळा नेमकी आजारी ठरण्याची शक्यता आहे. अर्थात ज्याने गावात नोकरी केली आहे, तो शिक्षक हसून म्हणेल की दोन्ही खरे आहे. मुलीच्या वहीत डोकावणारी आई आणि पोषण आहाराच्या ठेक्यासाठी येणारा पुढारी, हे दोघेही ‘समाज’च असतात. प्रश्नावलीकडे मात्र दोघांसाठी एकच रकाना आहे.

दुसरे उदाहरण ‘कौटुंबिक’ या शब्दाचे. निरोप समारंभात, स्नेहसंमेलनात आपल्याकडे हमखास ऐकू येणारे वाक्य म्हणजे आमची शाळा हे एक कुटुंब आहे. मुख्याध्यापकांना वडिलांच्या जागी मानण्यात आपल्याला काही वावगे वाटत नाही. हाल्पिन यांच्या उतरंडीत हे दोन्ही प्रकार खालच्या अंगाला, बंदिस्त टोकाजवळ येतात. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हा परक्या संस्कृतीचा अडाणीपणा वाटला. आज तेवढे निश्चित म्हणता येत नाही. कुटुंबात ऊब असते, तसे मौनही असते. घरातली गोष्ट बाहेर सांगायची नाही, झाकली मूठ सव्वा लाखाची, हा कुटुंबाचाच धर्म. त्या दुपारी ‘नेहमीच’वर खुणा करणाऱ्या शिक्षकांनी तोच पाळला. मनोबलाचा आकडा वर गेला तो शाळा कौटुंबिक होती म्हणून, आणि प्रस्ताव खणात पडून राहिला तोही त्याच कारणाने.

तिसरी गोष्ट ‘अडथळा’ या घटकाची. हाल्पिन-क्रॉफ्ट यांच्या प्रश्नावलीत शिक्षकांना कागदी आणि फुटकळ कामांचा जाच वाटतो का, हे विचारले आहे. कल्पना अशी की, हा भार मुख्याध्यापक टाकतो. महाराष्ट्रातल्या शिक्षकाला हा प्रश्न विचारा, तो पोटतिडकीने ‘नेहमीच’ म्हणेल. पण त्याच्या डोळ्यांपुढे मुख्याध्यापक नसतो. मतदार यादी, ऑनलाइन भरायची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, संध्याकाळी पाचला येऊन रात्री आठपर्यंत उत्तर मागणारा व्हॉट्सअॅपवरचा आदेश, हे त्याच्यापुढे असते. कायद्याच्या कलम २७ने शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामे देऊ नयेत असे म्हटले. सोडलेल्या तीन गोष्टीच केवढ्या, हे शिक्षकाला विचारावे. हा ताप वरून येतो, आणि प्रश्नावली तो शाळेच्या खात्यावर मांडते. जिल्ह्याचे दुखणे शाळेच्या केसपेपरवर लिहिले जाते.

४

आता सरासरीकडे. समजा, एका शाळेत वीस शिक्षक आहेत. आपसातल्या विश्वासाच्या विधानाला दहा जणांनी चार गुण दिले, दहा जणांनी एक. सरासरी अडीच. शेजारच्या शाळेत दहा जणांनी तीन आणि दहा जणांनी दोन दिले. सरासरी तीच, अडीच. दुसरी शाळा बेताची आहे. पहिलीत दोन गट आहेत, एक संस्थाचालकांच्या मर्जीतला आणि एक मर्जीबाहेरचा. अहवालात दोन्ही शाळा जुळ्या बहिणी दिसतील.

संशोधकांना हे ठाऊक नाही असे नाही. एका गटातली माणसे एकमेकांशी कितपत सहमत आहेत, हे मोजण्याची सूत्रे १९८०च्या दशकापासून उपलब्ध आहेत, आणि चांगले अभ्यासक सरासरी काढण्याआधी ती लावतात. अडचण पुढे येते. सहमती कमी निघाली, तर ‘येथे शाळेचे वातावरण असे काही एकसंध नाही’ म्हणून तो आकडा बाजूला ठेवण्याकडे कल असतो. माझ्या मते खरा शोध तिथून सुरू व्हायला हवा. मते दुभंगलेली असणे हेच त्या शाळेविषयीचे सर्वांत महत्त्वाचे वाक्य असू शकते.

५

भारतात ही परंपरा बरीच आधी आली. मोतीलाल शर्मा यांनी १९७०च्या दशकात हाल्पिन-क्रॉफ्ट यांच्या साच्यावर भारतीय शाळांसाठी प्रश्नावली केली. तीतही चौसष्ट विधाने, आठ घटक आणि तेच सहा प्रकार. नंतरच्या काळात देशभरच्या एम.एड. आणि पीएच.डी.च्या असंख्य प्रबंधांनी ती वापरली. ‘अमुक जिल्ह्यातील माध्यमिक शाळांच्या संघटनात्मक वातावरणाचा शिक्षकांच्या कार्यसमाधानाशी सहसंबंध’ या वळणाची शीर्षके विद्यापीठांच्या ग्रंथालयांत ओळीने उभी आहेत. सहसंबंध बहुधा धन निघतो. तोच शिक्षक, त्याच बैठकीत, त्याच पेनाने दोन्ही प्रश्नावल्या भरत असेल तर दुसरे काय निघणार?

पण मोठी अडचण वेगळी आहे. ही सगळी यंत्रणा वीस-तीस शिक्षकांची शाळा गृहीत धरते. आपल्या जिल्हा परिषदेच्या वस्तीवरच्या शाळेत दोन शिक्षक असतात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोनच शिक्षक मिळतात, आणि स्वतंत्र मुख्याध्यापक पट दीडशेच्या वर गेल्यावर. म्हणजे दोघांपैकी ज्येष्ठ तो प्रभारी मुख्याध्यापक. आता दुसऱ्याने ‘आमचे मुख्याध्यापक’ या नावाखाली चाळीस-पन्नास विधानांवर मत द्यायचे! गुप्तता नाही, सरासरी नाही, शिक्षकवृंद नाही. त्या शाळेचे आरोग्य म्हणजे दोन माणसांचे एकमेकांशी पटते का, एवढीच गोष्ट. ती गावातल्या पाणवठ्यावरही ठाऊक असते.

अनुदानित खासगी शाळांत गुप्ततेचा प्रश्न दुसऱ्या वाटेने येतो. तिथे मुख्याध्यापक दरवर्षी शिक्षकाचा गोपनीय अहवाल लिहितो. आपण शिक्षकाला सांगतो, आता तुम्ही मुख्याध्यापकाचा गोपनीय अहवाल लिहा. दोन्ही गोपनीय, पण पहिल्याने नोकरीवर परिणाम होतो आणि दुसऱ्याने झाला तर लिहिणाऱ्यावरच. त्यात २०००पासून नवा शिक्षक आधी शिक्षणसेवक म्हणून मानधनावर तीन वर्षे काढतो. ज्याची कायम होण्याची फाइल ज्यांच्या सहीने पुढे सरकायची, त्यांच्याविषयी तो काय लिहील? त्याच्या चार गुणांत वातावरण किती आणि वय वर्षे चोवीसची धास्ती किती, हे वेगळे काढणारे सूत्र नाही.

२०१५मध्ये आलेल्या ‘शाळा सिद्धी’ने एक पाऊल टाकले. सात क्षेत्रे, ४६ मानके आणि शाळेने स्वतःच करायचे मूल्यमापन. नेतृत्वापासून समाजाच्या सहभागापर्यंत बऱ्याच गोष्टी तीत आहेत, आणि स्वमूल्यमापनाचे तत्त्वही चांगले. पण तो एका शाळेचा एक अहवाल असतो. पंधरा शिक्षकांची पंधरा मते त्यात दिसत नाहीत; दिसते ती शाळेची सहीशिक्क्याची प्रतिमा. शिक्षकाला एकट्याने, निर्धास्तपणे विचारण्याची जागा आपल्या व्यवस्थेत अजून तयार झालेली नाही.

६

मग या प्रश्नावल्या टाकून द्याव्यात का? तसे मला वाटत नाही, आणि त्याचे कारण पुन्हा शिकागो.

अँथनी ब्रिक आणि बार्बरा श्नायडर यांनी २००२मध्ये शाळांतील विश्वासावर पुस्तक लिहिले. शिक्षक एकमेकांवर, मुख्याध्यापकांवर आणि पालकांवर किती विश्वास टाकतात, हे शिक्षकांच्या सर्वेक्षणांतून घेऊन त्यांनी ते मुलांच्या प्रगतीशी ताडून पाहिले. ज्या शाळांत विश्वास भक्कम होता, त्यांतल्या दोनांपैकी एक शाळा सुधारणाऱ्यांच्या यादीत होती; जिथे तो कमकुवत होता, तिथे सातांत एक. पुढे २०१०मध्ये ब्रिक आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, पाचांपैकी बहुतेक आधार मजबूत असलेल्या शाळांत वाचन-गणितात ठळक सुधारणा होण्याची शक्यता, तीन किंवा अधिक आधार कच्चे असलेल्या शाळांच्या तुलनेत दहापट होती. आधार एकएकटे पुरेसे पडत नव्हते; पोळीत पीठ असून पाणी नसावे, तशी गत. शिक्षकखोलीतली हवा आणि पहिलीतल्या मुलाचे वाचन यांचा धागा इतक्या स्पष्टपणे दाखवणे, हे निकालाच्या टक्केवारीला कधीच जमले नसते. इथे शिक्षकाचा शब्द पुरावा म्हणून उभा राहिला, ही मोठी गोष्ट आहे.

तो का उभा राहिला? सर्वेक्षण करणारे शिक्षण खात्याचे नोकर नव्हते. प्रश्नावल्या वर्षानुवर्षे, हजारो शिक्षकांकडून, मुख्याध्यापकांच्या टेबलाला वळसा घालून येत होत्या. आणि सुरुवातीच्या काळात त्या आकड्यांवर कोणाची नोकरी अवलंबून नव्हती.

नंतर तेही बदलले. २०१०च्या दशकात हेच सर्वेक्षण इलिनॉय राज्यभर सक्तीचे झाले आणि शिकागोत शाळांच्या अधिकृत गुणांकनातही त्याचा वाटा आला. डोनाल्ड कँबेल यांनी १९७०च्या दशकातच बजावून ठेवले होते की, ज्या सामाजिक आकड्यावर निर्णय घेतले जातात, त्या आकड्यावर दबाव येतो आणि तो ज्याचे मोजमाप करायचा, ती प्रक्रियाच बिघडवतो. शाळेला श्रेणी मिळावी म्हणून ‘वारंवार’वर खूण करणारा शिक्षक खोटारडा नसतो. तो आपल्या शाळेची अब्रू राखत असतो. थर्मामीटरवर बक्षीस लावले, तर रुग्ण तो गार पाण्यात बुडवणारच.

७

आपल्याकडे असे सर्वेक्षण करायचे असेल, तर त्या दुपारच्या अनुभवावरून मला काही साध्या अटी सुचतात. प्रश्नावली शाळेबाहेर, बंद लिफाफ्यात जमा व्हावी. विषय, लिंग, सेवेची वर्षे असे माणूस ओळखू येईल असे तपशील विचारूच नयेत. पाचांपेक्षा कमी शिक्षक असतील तिथे शाळेचा आकडा काढू नये. दहा-बारा शाळांच्या केंद्राचा एकत्र काढावा. कोठारी आयोगाने १९६६मध्ये लहान शाळांना एकमेकींशी जोडणारी शाळा-संकुलाची कल्पना मांडली होती, ती इथे कामी येईल. सरासरीसोबत मतांची विभागणीही छापावी. निष्कर्ष आधी शिक्षकांना दाखवावेत, मग अधिकाऱ्यांना. त्यावरून श्रेणी, बदली, अनुदान यांपैकी काहीही ठरू नये. आणि विधाने नव्याने लिहावीत. ती लिहायला न्यू जर्सीला जाण्याची गरज नाही. प्रस्ताव खणात किती दिवस राहतो, सुट्टीच्या दिवशी किती निरोप येतात, बैठकीत कनिष्ठाने वेगळे मत मांडले तर पुढच्या आठवड्यात त्याच्या वेळापत्रकाचे काय होते, एवढे विचारले तरी शाळेची नाडी हाती लागेल.

आणखी एक अट. कोऱ्या आलेल्या प्रश्नावल्या आणि कोरे सोडलेले रकाने मोजावेत, आणि ती संख्या अहवालाच्या पहिल्या पानावर छापावी. शाईच्या पेनाच्या त्या शिक्षकांनी मला शाळेविषयी जे सांगितले, ते बाकीच्या सगळ्या भरलेल्या प्रश्नावल्यांत मिळून नव्हते. आम्ही मात्र त्यांच्या कागदावर लाल पेन्सिलीने ‘अपूर्ण’ असे लिहिले आणि तो वेगळा काढून ठेवला.